होकायंत्र एक, दुर्बीण एक

दिवाळीच्या खरेदीची यादी करण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे असते, आणि ती वाचून नाक मुरडण्याचे काम बाकीच्यांकडे. गेल्या वर्षीची यादी उटणे, पणत्या, रवा, डाळीचे पीठ, सासूबाईंच्या गुडघ्यांचे तेल इथपर्यंत सुरळीत उतरली. त्याखाली 'होकायंत्र एक, दुर्बीण एक' असे वाचल्यावर आमच्या ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "बेत समुद्रावर जायचा आहे की युद्धावर?"

बेत साधा डोंगरावर जायचा होता. दसरा उलटला की पनवेलच्या भोवतालचे डोंगर पावसाची घोंगडी झटकून बसतात. हवा धुतल्यासारखी होते, गवत कमरेपर्यंत वाढून पिवळे पडू लागते आणि शाळेतल्या मुलांचे डोळे फळ्यावरून सुटून खिडकीबाहेर जातात. पूर्वी आम्ही दर हिवाळ्यात मुलांना घेऊन एक गड करत असू. 2023 च्या जुलैपासून ते बंद पडले होते. त्या महिन्याच्या 19 तारखेच्या रात्री इर्शाळगडाच्या अंगाखांद्यावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 माणसे त्या चिखलातच राहिली. त्यानंतर पालकांनी डोंगराचे नाव काढले तरी हात जोडावेत, यात नवल नव्हते. आमच्या शाळेत त्या बाजूच्या वाड्यांतल्या मुली शिकतात. त्यांच्यासमोर सहलीचा विषय काढायला मलाच धीर होत नसे.

दोन वर्षांनी त्यांच्यातलीच एक, आठवीतली, स्टाफरूमच्या दाराशी येऊन म्हणाली, "बाई, यंदा गडावर न्याल?" घरची माणसे डोंगराकडे पाहायचे टाळतात, असेही तिने सांगितले, पण तिला पाहायचे होते. मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी परवानगी दिली ती अटी घालून: पावसाळ्यात पाऊल टाकायचे नाही, गावचा वाटाड्या बरोबर हवा, आणि 'योग्य ती साधने' जवळ असावीत. ही योग्य ती साधने कोणती, ते त्यांच्या पत्रात नव्हते. माजी विद्यार्थ्यांनी जमवून दिलेले वीस हजार रुपये मात्र हातात होते. औषधांची पेटी आणि दोर शाळेकडे होतेच. तेव्हा मुलांनाच विचारले. वर्गाचे सरळ दोन तट पडले. मुलग्यांना दुर्बीण हवी होती, मुलींना होकायंत्र. असे का, हे मला आजवर उमगलेले नाही. दोन्ही घेऊ म्हटल्यावर दोन्ही बाजू थोड्या हिरमुसल्याच.

आता पनवेलच्या माणसाला होकायंत्र कशाला, असे कोणी विचारले तर प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. निसर्गाने आम्हाला दोन मोठाल्या खुणा फुकट देऊन ठेवल्या आहेत. नकाशावर पनवेलहून कर्नाळ्याला रेघ ओढली तर ती जवळजवळ थेट दक्षिणेला जाते, आणि प्रबळगडाला ओढली तर थेट पूर्वेला. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या एकविशी-बाविशीला सूर्य प्रबळच्या पाठीमागून वर येतो. कर्नाळ्याचा तो काळा अंगठा तर आकाशाला टेकवून ठेवलेलाच आहे. मुंबई बंदरात शिरणारे इंग्रज खलाशी त्या सुळक्याला 'फनेल हिल' म्हणत. खुद्द खलाशी ज्या डोंगरावरून दिशा घेत, त्याच्या पायथ्याच्या गावात दिशादर्शक विकत घ्यायचे, म्हणजे विहिरीच्या काठावर राहून पाण्याची बाटली विकत घेण्यासारखे झाले. (ते मात्र आपण हल्ली करतोच.)

पण हे सारे अंगठा दिसतो तोवर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या गावाभोवती इमारतींचे असे रान माजले आहे, की आमच्या गच्चीवरून कर्नाळा दोन मनोऱ्यांच्या फटीतून बोटभर दिसतो आणि प्रबळ मुळीच दिसत नाही. शिवाय डोंगरावर गेल्यावर डोंगर दिसत नाही, हे तर डोंगराचे जुने कपट. प्रबळचा माथा चांगला ऐसपैस आणि दाट झाडीचा आहे. सकाळचे धुके उतरले की तिथे पंचवीस पावलांवरचे झाड कोणते ते कळत नाही, आणि वाटा गुरांनी पाडलेल्या असल्यामुळे त्या गुरांच्या सोयीने जातात. तिथे शहरातून आलेली मंडळी वाट चुकतात, रात्र काढतात, मग माचीवरची माणसे कंदील घेऊन त्यांना शोधायला निघतात.

तर होकायंत्र. पहिले जे दुकान मला कोणी सुचवले, ते मुंबईतले जुन्या वस्तूंचे. काउंटरवर पितळी झाकणाची, मखमलीत झोपवलेली होकायंत्रे होती, त्यांच्यावर विलायती कारखान्यांची नावे आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची साले कोरलेली. दुकानदार काका मोठ्या अदबीने म्हणाले, "आजोबांच्या काळची चीज आहे, ताई." चीज सुरेख होती, पण आजोबांच्या काळची नव्हती. उत्तरेत रुडकी नावाचे गाव आहे. तिथे 1847 साली इंजिनिअरिंगचे कॉलेज निघाले, त्याच्या आसऱ्याने मोजणीची उपकरणे करणाऱ्या कारागिरांचा धंदा वाढला, आणि आज ही पितळी 'जुनी' होकायंत्रे तिथेच घडतात. कारागिरी खोटी म्हणणार नाही, साल तेवढे खोटे. टेबलावर कागद दाबून ठेवायला ते फार शोभले असते. डोंगरावर मात्र त्याची सुई अर्धा मिनिट डुलत राहते आणि मग मनाला येईल तिथे थांबते.

डोंगरासाठी घ्यायचे ते साधे, पारदर्शक पट्टीवर बसवलेले. तो गडूसारखा गोल भाग तेलाने भरलेला असावा, म्हणजे सुई लगेच शांत होते. पट्टीच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा असाव्यात, कारण ते नकाशावर ठेवायचे असते. 1:50,000 च्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हे मुलांनाही चटकन जमते. गोलात मसुराएवढा बुडबुडा असला तर बिघडत नाही, चिंचोक्याएवढा असला तर नको म्हणावे. पलटणीतले लोक वापरतात ते भिंगाचे, डोळ्याला लावून पाहायचे होकायंत्र अधिक नेमके असते हे खरे. पण ते जड, महाग, आणि बाराव्या वर्षाच्या हातात दिले तर पहिल्या दिवशी त्याचे झाकण निखळते.

घेताना पारख कशी करावी, ते मला पनवेलच्याच एका दुकानातल्या पोऱ्याने शिकवले. होकायंत्र सपाट धरायचे, सुई स्थिरावली की आकडा पाहून ठेवायचा, मग खिशातली लोखंडी किल्ली जवळ नेऊन सुईला भरकटवायचे आणि किल्ली झटकन दूर करायची. सुई त्याच आकड्यावर परत आली पाहिजे. असे पाच वेळा करायचे. पाचही वेळा ती घरी परतली तर तिचा खिळा गुळगुळीत आहे. दर वेळी निराळ्या ठिकाणी थांबली तर दुकानदाराला नमस्कार करावा. फक्त हा प्रयोग दुकानात होत नाही. तिथे लोखंडी कपाट, लोखंडी शटर, वजनाचा काटा आणि दुकानदाराचा मोबाइल असा मोठा गोतावळा असतो. मी त्या पोऱ्याला आणि सहा होकायंत्रांना घेऊन वडाळे तळ्याच्या काठावर गेले. फिरायला आलेल्या आजोबांचा आमच्याभोवती घोळका जमला. सहांतली चार पास झाली, ती घेतली. यादीतल्या एकाची चार कशी झाली, ते घरी समजावून सांगताना मला होकायंत्राचा काही उपयोग झाला नाही.

मात्र यातून एक कोडे शिल्लक राहिले. नापास झालेल्या दोहोंपैकी एकाची सुई उत्तर बरोबर दाखवी, पण एका टोकाने खाली कलून काचेला घासे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि शाळेत शिकवते मराठी. चुंबकाशी माझी ओळख नालेच्या आकाराच्या लाल तुकड्यापलीकडे गेलेली नव्हती. पण हट्टाने वाचले तेव्हा उलगडा झाला. पृथ्वीचे चुंबकत्व सुईला नुसते उत्तरेकडे ओढत नाही, तिचे नाक जमिनीकडेही ओढते. लंडनमध्ये हा कल साठ अंशांहून पुष्कळ जास्त, आमच्याकडे तिशीच्या आत, आणि केरळच्या टोकाशी जवळजवळ शून्य. थुंब्याला 1963 साली आपले पहिले रॉकेट उडाले, ती जागा निवडली तीच मुळी चुंबकीय विषुववृत्त तिथून जाते म्हणून. तेव्हा विलायतेतल्या थंड देशासाठी तोललेल्या सुईच्या शेपटाला जे वजन लावलेले असते, ते आमच्याकडे जास्त होते आणि सुई शेपटावर बसते. घेणाऱ्याने म्हणूनच, सुई सपाट तरंगते ना, एवढे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

दुसरी एक गोष्ट कळली ती आमच्या भाग्याची. सुईची उत्तर आणि खरी उत्तर या दोन वेगळ्या. न्यूयॉर्ककडे त्यांच्यात बारा-तेरा अंशांचा फरक पडतो. तिथला गिर्यारोहक हा हिशेब विसरला तर किलोमीटरभर चालून सव्वादोनशे मीटर बाजूला जाऊन पडेल. पनवेलला हा फरक एक अंशही नाही. इंग्रजी पुस्तकांत या विषयावर लांबच लांब प्रकरणे असतात, ती आमच्या मुलांनी खुशाल ओलांडावीत.

आणि हे सगळे मोजणारी मंडळी कुठे बसतात, तर आमच्या शेजारी, नव्या पनवेलात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्य कार्यालय तिथे आहे. कळंबोलीच्या रस्त्याने शेकडो वेळा जाऊन मी ती पाटी वाचली होती आणि भूगर्भातल्या पाण्याचे काही असेल असे समजून चालले होते. या संस्थेची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकाच्या नोंदी होत होत्या. पुढे शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. विजेचा प्रवाह रुळांतून खेळू लागला की वेधशाळेच्या सुया थरथरणार! तेव्हाचे वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय फ्रामजी मूस यांनी नवी जागा शोधली ती समुद्रापलीकडे, अलिबागला. 1904 साली तिथे नोंदी सुरू झाल्या. इमारतीचा दगड पोरबंदरहून आणला, कारण आपला काळा कातळ सुईला फितवतो, आणि बांधकामात लोखंड टाळून तांबे-पितळ वापरले. कुलाब्याच्या आणि अलिबागच्या नोंदी काही काळ एकदमच घेऊन जुने-नवे जुळवून पाहिले. मग 1907 साली मुंबईत विजेची ट्राम धावली. ती ट्राम 1964 साली बंदही पडली, आणि अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत. एका शहराने आपल्या सोयीसाठी गडबड केली तर सुई उचलून शांत जागी नेण्याचे शहाणपण तेव्हा होते, याचे मला कौतुक वाटते. आमच्या गावाच्या वेशीवर आता विमानतळ उभा आहे. 2025 च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटन झाले, डिसेंबरात विमाने उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली. त्याच्या धावपट्टीच्या दोन टोकांना 08 आणि 26 हे आकडे आहेत, आणि तो होकायंत्राचाच आकडा आहे, शेवटचे शून्य गाळून: 80 अंश आणि 260 अंश. म्हणजे विमानेसुद्धा प्रबळच्या दिशेने तोंड करून धावतात. हे मी वर्गात सांगितले त्या दिवशी भूगोलाच्या सरांनी मला चहा पाजला.

मोबाइलमध्ये होकायंत्र असतेच की, असे म्हणणारे वाचक आता चुळबुळ करत असतील. असते, आणि चांगले असते. उपग्रहावरून जागा सांगण्याचे काम तर तो जिथे बोलणे पोचत नाही तिथेही करतो. पण त्याच्या आवरणाला हल्ली चुंबकाची टिचकी असते, तिने त्याचाच काटा चळतो. ओल्या बोटांना त्याची काच दाद देत नाही. आणि दुपारपर्यंत मुलांनी स्वतःचे फोटो काढून त्याचा जीव घेतलेला असतो. शिवाय खरे होकायंत्र आणि मोबाइल एका खिशात ठेवले तर सुईचे उत्तर-दक्षिण कायमचे उलटू शकते. माझ्या पिशवीत ते दोघे सवतींसारखे वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात.

दुर्बिणीची खरेदी त्यामानाने भुलवणारी. फूटपाथवर 'शंभरपट' असे सोनेरी अक्षरांत लिहिलेल्या, तांबड्या चकचकीत काचांच्या दुर्बिणी साताठशे रुपयांना मिळतात. त्यांतून पाहिले की पक्षी शंभरपट धूसर दिसतो. ज्या दुर्बिणीवर 8×42 असा आकडा असतो, तिच्यातून वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर असतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात उतरतो. खिशात मावणाऱ्या 10×25 चा हिशेब केला तर येतात अडीच. भर दुपारी माळावर अडीचही पुरतात. कर्नाळ्याच्या झाडीत सकाळी सातला पुरत नाहीत. बारापट, सोळापट घ्यावी असा मोह होतो, पण तिथे हाताची थरथरही तितकीच पट वाढते, आणि चढून आलेल्या माणसाच्या छातीचा भाता चालू असताना सोळापटीतून दिसणारा डोंगर भूकंपातला असतो. माझे मत विचाराल तर आठपट. दहापट घेणाऱ्याशी मी भांडणार नाही, तिवई उचलायची तयारी असली तर त्याहून मोठीही घ्यावी.

चष्मेवाल्यांनी आणखी एक पाहावे. डोळा भिंगापासून किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसते, हे अंतर पंधरा-सोळा मिलिमीटरच्या वर हवे, आणि डोळ्याकडच्या वाट्या आत फिरवता आल्या पाहिजेत. नाहीतर चष्मा काढा, दुर्बीण लावा, पक्षी शोधा, पक्षी उडाला, चष्मा कुठे ठेवला ते शोधा, असा दिवस जातो. उजव्या डोळ्याचा फरक साधायची एक चकती असते. आधी उजवा डोळा मिटून मधले चाक फिरवायचे, मग डावा मिटून ती चकती. दहांतल्या नऊ दुर्बिणींच्या मालकांनी ती कधी हलवलेली नसते. मग दुर्बिणीने डोके दुखते अशी तक्रार करतात. वजन गळ्यात अडकवून दुकानातच दहा मिनिटे उभे राहून पाहावे. पाऊण किलोला सकाळी पाऊण किलो म्हणतात, संध्याकाळी मान निराळा आकडा सांगते.

कोकणात आणखी एक वैरी आहे, बुरशी. आमच्या पावसात लोणच्याला आणि भिंगाला सारखीच बुरशी येते. माझ्या सासऱ्यांची एक जुनी दुर्बीण माळ्यावर होती. चार पावसाळे तिच्याकडे कोणी पाहिले नाही, आणि आता तिच्यातून चंद्रावर चक्क कोळ्याची जाळी दिसतात. म्हणून आत नायट्रोजन भरून मोहरबंद केलेली घ्यावी, आणि घरी हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर ठेवावी. आमची 8×42 आमच्या स्वयंपाकघरात, पापडांच्या शेजारच्या डब्यात राहते. सासूबाई म्हणतात, पापड आता अधिक कुरकुरीत राहतात.

तिची पहिली परीक्षा कर्नाळ्याला झाली. शिरढोणवरून जाताना मुलांनी वासुदेव बळवंतांच्या गावाला हात जोडले. 1845 साली ते तिथे जन्मले, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, हे मुलांना पाठ आहे. अभयारण्यात शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटे दुर्बिणीतून फक्त पाने दिसली, आणि मुलगे मुलींकडे पाहीनात. मग वाटाड्या म्हणाला, आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरा, नजर हलवू नका, आणि नळी डोळ्यांसमोर आणा. तसे केल्यावर भृंगराज सापडला, शेपटीच्या दोन लांब तारांना पिसांचे झुबके लावलेला. नाल्यापाशी शीळकरी कस्तुराचा निळा खांदा चमकून गेला. सुळक्यावरची आग्या मोहळे मात्र दुर्बिणीतूनच पाहिली आणि तिथूनच सगळ्यांना मागे फिरवले. वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर मुलाने तांबटाला चोचीने खोडात भोक पाडताना दहा मिनिटे पाहिले. तो दहा मिनिटे एका जागी उभा राहिला, हे मी त्याच्या आईला सांगितले तर तिचा विश्वास बसला नाही.

जानेवारीत प्रबळ केला. ठाकूरवाडीहून पहाटे निघून माचीवर पोचलो तेव्हा कलावंतिणीच्या पायऱ्यांवर उन्हाची कड नुकती आली होती. आमचे वाटाडे माचीवरचेच ठाकरदादा. मुलींनी गळ्यात अडकवलेली होकायंत्रे त्यांनी वाकून पाहिली.

"ताई, ही सुई माचीची वाट दावते का?"

"नाही हो दादा, नुसती उत्तर दाखवते."

"मग वाट मीच दावतो," असे म्हणून ते पुढे झाले.

1850 साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब शेजारच्या माथेरानावर चढले, आणि माथेरान त्यांनी 'शोधले' असे पुस्तकांत छापलेले असते. ठाकर, धनगर, कातकरी त्या डोंगरांत त्याआधीही होते, पण त्यांच्यातल्या कोणाचे नाव तिथल्या कुठल्या पॉइंटाला दिलेले मला माहीत नाही. दादांच्या मागून चढताना मी मुलांना एवढेच सांगितले, की दादांना विचारून प्रत्येक वळणाला वहीत आकडा लिहा. दादा म्हणत "उंबराकडं", मुली सुई पाहून लिहीत "110". वर पोचेपर्यंत दोन्ही भाषांतली एक लांबलचक वाट वहीत तयार झाली. माथ्यावरच्या झाडीत मी चार तुकड्या केल्या आणि त्या वहीवरून दोनशे पावले मागे जायला सांगितले. दादा लांबून गंमत पाहत होते. तीन तुकड्या बरोबर आल्या. चौथीने होकायंत्र कातळावर टेकवून दिशा घेतली होती. त्या काळ्या दगडात लोहचुंबकी कण असतात, आणि जिथे वीज पडते तिथला दगड तर स्वतःच चुंबक होऊन बसतो. दगडावर एक आकडा, छातीशी धरले की दुसरा! ते पाहून दादांनाही मौज वाटली. "इथं इजा पडतात खऱ्या," ते म्हणाले, आणि स्वतः होकायंत्र घेऊन कातळाकातळावर ठेवत हिंडले.

दुपारी दक्षिणेकडच्या कड्याशी बसलो. समोर इर्शाळचा सुळका. दुर्बिणीचा नियम ठरलेला होता, प्रत्येकाला दोन मिनिटे, आणि घड्याळ लावून वेळ मोजणारा एक कठोर मुलगा नेमलेला होता. आठवीतल्या त्या मुलीची पाळी आली. तिने वाट्या नीट केल्या, उजव्या डोळ्याची चकती आपल्या डोळ्याला जुळवली, आणि दुर्बीण सुळक्यावर लावली. मग ती हळूहळू खाली आणली. दोन मिनिटे झाली. घड्याळवाल्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले, आणि त्याने घड्याळ खिशात घातले. रांगेतले कोणी पुढे सरकले नाही. किती वेळ गेला ते मोजले नाही. कोणाचा तरी डबा उघडल्याचा आवाज झाला आणि पुन्हा शांत झाले.

तिने दुर्बीण खाली घेतली तेव्हा काचेवर ओल आली होती. "बाई, पुसून द्या पुढच्याला," ती म्हणाली. "सुळका हाय तसाच हाय." त्या अंतरावरून, झाडीतून आणि दुपारच्या धुरकटपणातून तिला आणखी काय दिसले ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. उतरताना मात्र ती दादांच्या बरोबरीने पुढे चालत होती, आणि कुठल्या उतारावर माती सुटते, पाणी कुठून येते, झाड कधी वाकडे वाढते, असे काही काही त्यांना विचारत होती. त्यांतले बरेच तिला माहीत असावे.

मातीचे किल्ले खरे दिवाळीतले. पण दिवाळीत शाळेला सुटी, म्हणून आमच्याकडे ते शिवजयंतीला होतात. फेब्रुवारीत मुलांनी अंगणात प्रबळ करायला घेतला. पहिला दगड ठेवायच्या आधी मुलींनी खडूने उत्तर आखली, आणि मुलगे गच्चीवरून दुर्बीण लावून, गेल्या वर्षीच्या किल्ल्याला दरवाजा कसा उलट्या बाजूला होता याच्यावर वाद घालू लागले. इर्शाळचा सुळका त्या मुलीने स्वतः वळला, विटेचा चुरा लावून तांबूस केला. वाडीची घरे काड्यापेट्यांची होती. एकाने ती डोंगराच्या उतारावर मांडायला घेतली.

"वर नको," ती म्हणाली, आणि एकेक पेटी उचलून तिने सपाटीवर, रस्त्याच्या कडेला ओळीने ठेवली. नंतर उतारावर हळीव पेरायचे की मोहरी, यावरून जुंपली, आणि माझी नववीच्या तासाची घंटा झाली.